सतरावं नाव

सकाळी सव्वासातला चहाच्या आधणाकडे एक डोळा ठेवून राहीनं फोनवर बंदराचं पान उघडलं, तर वरच होतं: समुद्रात ०, बंदरात ४१. अक्षरं कालच संध्याकाळी मोठी केलेली, त्यामुळे ते शून्य अंगठ्याच्या नखाएवढं दिसत होतं. ऑक्टोबर महिना, बांगडा लागलेला, आणि मिरकरवाड्यातली एकही बोट पाण्यावर नाही, हे होणं शक्य नव्हतं. तिचा सख्खा भाऊ रितेश परवा पहाटे ‘भैरीप्रसाद’ बोट घेऊन गेला होता आणि उद्याशिवाय परतणार नव्हता. हे तिला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरीसुद्धा त्या शून्याकडे बघता बघता तिच्या मानेखालचं काहीतरी सैल झालं, कित्येक वर्षं आवळून धरलेलं, आवळलंय हेही विसरायला झालेलं. सगळे आत. कोणीच बाहेर नाही. आधण उतू जाऊन गॅस फडफडला तेव्हा तिला कळलं की आपण नुसत्या उभ्या आहोत आणि आपल्याला फार बरं वाटतंय. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

मागच्या पडवीत, जिथं शेवटची दोन वर्षं बाबांची खाट होती, तिथं आता एका टेबलावर तो लहानसा संगणक होता. कुठल्याशा ऑफिसानं मोडीत काढलेला, शिधा ठेवायच्या डब्याएवढा. त्याला स्क्रीन नाही, नुसता एक हिरवा दिवा आणि घरघर. आई त्याला ‘तुझा डबा’ म्हणायची. पुण्यात सात वर्षं राहीनं हेच काम केलं होतं, पण तिथले सर्व्हर तिनं कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते कुठल्या देशात आहेत हेसुद्धा धड माहीत नसायचं. बाबांचे पाय गेले म्हणून ती घरी आली, बाबा गेल्यावरही राहिली, आणि बंदरासाठी तिनं हे पान तयार केलं. बोट सुटताना तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, एक मेसेज टाकायचा, की त्या बोटीचं नाव ‘समुद्रात’ या रकान्यात जायचं. परतल्यावर पुन्हा एक. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांची नोंद राही स्वतः करायची. पान आधी तिच्या जुन्या कंपनीच्या एका कोपऱ्यात चालत होतं; कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि कोपरा रिकामा करायला सांगण्यात आलं. तेव्हा तिनं ठरवलं, आता कोणाच्या कोपऱ्यात नाही. आपल्या घरात, आपल्या पडवीत. तिनं डब्यावर लिनक्स चढवलं, घरातल्या साध्या इंटरनेटमधून बाहेरच्या जगाला आत यायला एक सुरक्षित वाट करून दिली, आणि तीन कंटेनर उभे केले: एका शाळेची हजेरी, एका आंबा बागायतदाराची वेबसाइट, आणि बंदर. प्रत्येक अ‍ॅप आपल्या लागणाऱ्या सगळ्या सामानासकट आपापल्या बंद खोलीत. एकाची कटकट दुसऱ्याला नाही. खोली बिघडली तर ती पाडायची आणि तशीच नवी उभी करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पुण्यात सगळे सहज म्हणायचे, मार त्याला आणि नवा उभा कर. तीही म्हणायची.

टेबलापाशी बसून लॅपटॉपवर तिनं बघितलं आणि पाच मिनिटांत सगळं उलगडलं. कंटेनर पाडला की त्याच्या आतलं सगळं जातं. म्हणून जे टिकायला हवं ते बाहेरच्या एका फोल्डरमध्ये ठेवायचं आणि तो फोल्डर कंटेनरला जोडून द्यायचा. एक ओळ लिहायची असते. शाळेला ती ओळ होती, आंब्याला होती. बंदराला नव्हती. नऊ दिवस नोंदी आतच साठत होत्या आणि पान बिनतक्रार चालत होतं. काल मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी गुरुप्रसाद म्हणाले, अक्षरं बारीक आहेत, चष्म्यातून दिसत नाहीत. म्हणून तिनं अक्षरं मोठी केली, जुना कंटेनर पाडला, नवा उभा केला. नव्यानं जन्मलेल्या पानाला फक्त एक्केचाळीस बोटींची नावं माहीत होती आणि त्या सगळ्या बंदरात आहेत एवढंच. रोज पहाटे बॅकअप घेतला जात होता तोही त्या बाहेरच्या फोल्डरचा, म्हणजे नऊ पहाटे नऊ रिकाम्या फोल्डरांचा. न चुकता. तिला बॅकअपची ती नऊ नावं ओळीत दिसली, तारखेसकट, शून्य आकाराची.

ती ओळ का राहिली हे तिला आठवत होतं. तीच फाइल लिहीत असताना रितेश आला होता, अंघोळ करून, केस ओले. दारात उभा राहून म्हणाला होता, “माझं नाव त्यात नको.”

“का?”

“घरी मनिषा दिवसातनं पन्नास वेळा ते पान उघडून बसते. आधी मी गेलो की ती आपल्या कामाला लागायची. आता फोन हातातनं सुटत नाय. तू ना, सगळ्यांना घरात बसवून ठेवशील बघ एक दिवस.”

ती काहीतरी तिखट बोलली होती, तो त्याहून तिखट बोलला होता, आणि तो गेल्यावर तिनं रागारागात फाइल पुरी केली होती. म्हणजे चूक त्याची, असं तिच्या मनानं लगेच मांडून पाहिलं. मग ते मांडणं तिला इतकं हलकट वाटलं की ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. घरात बसवून ठेवशील. आणि मघाशी शून्य बघून आपल्याला काय झालं होतं? फयान वादळाच्या वेळी ती सतरा वर्षांची होती. बाबा तीन दिवस आले नव्हते. त्या तीन दिवसांत ती एकच गोष्ट मागत होती, कोणाकडे ते माहीत नव्हतं: परत कोणी जायला नको. बाबा आले, आठव्या दिवशी पुन्हा गेले, आणि तिनं त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते जाळी विणत बसायचे आणि ती समोरून पाय आपटत जायची.

पावणेआठला गुरुप्रसादांचा फोन आला. “राही, वेधशाळेचा निरोप आलाय. चारनंतर जोराचा वारा. तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागतोय बंदरावर.” मग त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. “पण पान बघितलं मी. शून्य. सगळे आत. आज अक्षरं पण छान दिसतात. वर मत्स्य खात्याच्या ऑफिसात कळवूनसुद्धा टाकलं, आमचा कोणी बाहेर नाही म्हणून.”

“हो,” राही म्हणाली.

तिला पुढचं बोलायचं होतं. तोंड उघडलेलंच होतं. पण फोन ठेवला गेला होता, आणि परत लावायच्या आधी तिला वाटलं, दहा मिनिटं. जुन्या कंटेनरचा अवशेष कुठंतरी डिस्कवर सापडेल, नोंदी परत आणू, आणि मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. ती दहा मिनिटं पंचवीस झाली. बोटं आपोआप चालत होती, एकामागून एक आज्ञा, आणि डबा प्रत्येकीला सभ्यपणे सांगत होता की असं काही इथं नाही. बाहेर ऊन स्वच्छ होतं. शेजारी कोणीतरी सुकट उलटत होतं. चारला वारा येणार आणि ती इथं बसून स्वतःची अब्रू शोधत होती, हे तिला एखाद्या तिऱ्हाईताकडे बघावं तसं दिसत होतं, तरी हात थांबत नव्हते. काल संध्याकाळी शेवटचं पान बघितलं तेव्हा आकडा सतरा होता. एवढं मात्र पक्कं आठवत होतं. सोळाचे सतरा झालेले तिनं बघितले होते. नावं नव्हती, नुसता आकडा.

“चहा थंड झाला,” आई दारात येऊन म्हणाली. मग तिच्या तोंडाकडे बघून, “काय झाला गो?”

राहीनं सांगितलं. ‘हो’ म्हटल्याचंही सांगितलं. आई क्षणभर डब्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रितेश बाहेर आहे आणि वर कळवलंय की कोणी बाहेर नाही, एवढं कळायला संगणक लागत नव्हता.

“आधी गुरुप्रसादला फोन कर,” ती म्हणाली. “आणि मग खाली जा. बायकांना विचार. बर्फवाल्याला विचार. कोणाचा घो बाहेर हाय नि कोणाचा आत, ता बायकांना ठाव असता.”

गुरुप्रसादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पंचवीस मिनिटं, राही.” एवढंच. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

स्कूटर काढून ती उतारावरून बंदराकडे गेली. इतके महिने ही माणसं तिच्या पानावर नावं म्हणून होती. आता ती एकेकाला थांबवून विचारत होती आणि प्रत्येकाला आधी सांगावं लागत होतं की माझ्याकडून पुसलं गेलं. बर्फाच्या कारखान्यावर तिथल्या माणसांनी परवा-कालचे बर्फ नेलेल्या बोटींचे कागद काढून दिले, अकरा नावं. लिलावाच्या ओट्यावर गंगुबाई टोपल्यांमागे बसल्या होत्या. त्यांनी पान चघळत आणखी चार सांगितली, कोण कुठल्या बाजूला गेलाय त्यासकट. “तुझा मोबाईल बंद पडला होय?” त्यांनी विचारलं. राही म्हणाली, “मोबाईल नाही, माझंच चुकलं.” गंगुबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे वळून ओरडून पाचवं नाव विचारून घेतलं. मनिषा, रितेशची बायको, सोसायटीच्या पायरीवर येऊन बसली होती, फोन मांडीवर उलटा. सकाळी तिनंही शून्य पाहिलं होतं. “मला वाटलं आला तो,” ती म्हणाली. “मी अंगणात जाऊन उभी पण राहिले.” राहीला तिच्या शेजारी बसता येईना. तिला वाटलं होतं की ते शून्य मनापासून हवंसं वाटलं ते आपल्या एकटीलाच.

साडेअकरापर्यंत कागदावर सोळा नावं झाली. आत वायरलेसवर गुरुप्रसाद एकेकाला हाक देत होते आणि खरखरीतून एकेक उत्तर येत होतं. चौदा जण परत फिरले. एक आधीच दाभोळला लागला होता. आणि रितेश पहाटेच जयगडच्या खाडीत शिरून बोट नांगरून बसला होता. पाण्याचा रंग त्याला आवडला नव्हता. मनिषा हे ऐकून उठली आणि घरी गेली, चालताना तिची चप्पल निसटली तरी ती थांबली नाही. गुरुप्रसादांनी वर फोन लावून सकाळचा निरोप चुकीचा होता म्हणून सांगितलं. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. ते नुसतं “होय साहेब” म्हणत राहिले आणि त्यांनी राहीचं नाव घेतलं नाही.

“झालं,” फोन ठेवून ते म्हणाले. “सगळे सापडले.”

“सतरा होते.”

“सोळा आहेत. बर्फ, बायका, वायरलेस, सगळीकडनं सोळाच येतायत. आकडा चुकीचा राहिला असेल लक्षात.”

तसं असू शकत होतं. ती घरी आली, फाइलमध्ये ती एक ओळ घातली, कंटेनर मुद्दाम दोनदा पाडून पुन्हा उभा केला आणि नोंदी टिकतात हे बघितलं. सोळा बोटी लिहिल्या. जयगड आणि दाभोळला लागलेल्या दोन ‘बंदरात’. काम इतकं साधं होतं की तिला रडावंसं वाटलं. पण सतरा जाईना. दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूकडे जीभ जावी तसं मन तिथंच जात होतं. सतरावी बोट असेल तर तिनं बर्फ घेतला नाही. तिच्यासाठी ओट्यावर कोणी बाई बसलेली नाही. तिच्यात वायरलेस नाही. अशी बोट असतेच कुठं, असं म्हणून ती उठायला गेली आणि उठली नाही. त्याऐवजी तिनं कालच्यासारखे हेडफोन कानाला लावले, गाणं न लावता, आणि खिडकीजवळच्या त्या खुर्चीत कालच्यासारखी लॅपटॉपवर वाकून बसली. काल साडेचार वाजता ती अशीच होती. अक्षरांचा आकार बदलत होती. डाव्या बाजूला खिडकी, खिडकीबाहेर उताराची पायवाट. विडीचा वास आला होता. हो, विडीचा. कानातल्या गाण्याच्या मागून एक आवाज. तिनं वर न बघता डाव्या हातानं फोन ओढला होता, एका बोटानं एक नाव दाबलं होतं, सोळाचे सतरा झाले होते, आणि मग ती पुन्हा अक्षरांकडे वळली होती. “जातंय गो. दोन रोज तिकडंच, आरे-वाऱ्याच्या अंगाला.”

मोरूबाबा. सत्तरीचा, बायको जाऊन तीन वर्षं झालेला, एका लहान फायबर होडीतून एकटा जाळं टाकणारा माणूस. त्यांना बर्फ लागत नाही, मासळी ते तिकडच्याच वाडीत देतात. फोन घरी खुंटीवरच्या पिशवीत असतो. त्यांची आठवण ठेवायला त्या पानाशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि ते पान तिनं पुसलं होतं.

पावणेदोन वाजले होते. गुरुप्रसाद म्हणाले, वर कळवतो, पण त्यांची बोट यायला वेळ लागेल. इथून कोणी सुटलं तर समोरून वारा. मग दोघांच्याही डोक्यात एकच आलं. जयगडहून खाली आलं तर वाटेवरच आरे-वाऱ्याचा किनारा. वारा पाठीशी. राहीनं फोन ठेवला आणि रितेशला लावायच्या आधी पडवीतून स्वयंपाकघरापर्यंत दोनदा गेली-आली. आई पलीकडे मनिषाकडे गेली होती. सतरा वर्षांची असल्यापासून ती ज्याची भीती बाळगत आली होती ते आता तिला स्वतःच्या तोंडानं मागायचं होतं.

“मोरूबाबा?” रितेश म्हणाला. “एकटा? तुला नक्की माहीतंय?”

“नाही. नोंद केल्याचं आठवतंय. वर मान करून बघितलं नव्हतं.”

त्यानं पलीकडे कोणालातरी हाक मारली. “बोटीवर सातजण आहेत, राही. मी एकट्यानं नाय ठरवू शकत. थांब.” ती थांबली. डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तो परत आला. “निघतो. मनिषाला सांगू नको.”

तिनं पान उघडलं. ‘भैरीप्रसाद’ बंदरात होती. तशीच राहू दिली तर दोन तास मनिषा शांत राहील, आई जेवेल. अंगठा नावावर तिनं किती वेळ ठेवला कोण जाणे. मग दाबला. समुद्रात. त्याखाली मोरूबाबांचंही नाव. मिनिटाच्या आत फोन वाजला.

“हा परत बाहेर का गेला?” मनिषाचा आवाज सपाट होता.

“मी पाठवला.” आणि मग तिनं कारण सांगितलं.

मनिषानं शेवटपर्यंत ऐकलं. “तू पान बंद नको करू,” एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर, चढावर जिथं गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, तिथं राही स्कूटर उभी करून कठड्याला टेकली. दोन्ही किनारे खाली पसरलेले. मुंबईकडची एक गाडी, पोरं, वाऱ्यानं उडणाऱ्या ओढण्या. पाणी दूरवर शिशासारखं झालं होतं आणि त्यावर पांढरे ओरखडे उठायला लागले होते. होडी दिसली तेव्हा ती होडी आहे की खडक हे तिला ठरवता येईना. दिसे, मग नाहीशी होई, आणि ती नाहीशी झाली की राही कठड्यावरून आणखी पुढे वाके. तीनला ‘भैरीप्रसाद’ उत्तरेच्या टोकाआडून आली. किती हळू येत होती ती. बाबा बोटीवर असताना कसं वाटतं हे तिनं त्यांना कधीच विचारलं नव्हतं. विचारण्याऐवजी पाय आपटले होते. मोठी बोट लहान होडीजवळ जाऊन बराच वेळ घुटमळली. आत काय बोलणं चाललंय ते इथून कळायला मार्ग नव्हता. मग दोन्ही मिळून दक्षिणेकडे वळल्या आणि तिनं स्कूटरला लाथ मारली.

साडेचार वाजता ती धक्क्यावर होती. वारा आला होता, ताडपत्र्या फाडफाड वाजत होत्या. आई, मनिषा, गुरुप्रसाद, सगळे उभे. रितेश उतरला, मनिषाच्या जवळ गेला, आणि जाता जाता राहीच्या खांद्यावर त्याचा ओला हात पडला, थोपटल्यासारखा किंवा नुसता आधाराला, तिला कळलं नाही. मागून मोरूबाबा दोरी धरून वर आले. ते चिडले होते.

“जाळं तिकडंच टाकायला लावलान मला ह्यानं. अर्धा ओढून झाला होता.”

“बाबा,” राही म्हणाली, “तुमचं नाव माझ्याकडनं पुसलं गेलं होतं. दुपारपर्यंत मला आठवलंच नाही.”

“कसला नाव?”

तिनं फोन पुढे केला. वाऱ्यात तो नीट धरवत नव्हता. “हे. तुम्ही जाताना मला सांगता ना, ते मी ह्यात लिहिते. कोण बाहेर, कोण आत.”

मोरूबाबांनी डोळे बारीक करून त्या मोठ्या अक्षरांकडे बघितलं. मग तिच्याकडे.

“तू लिवतेस होय ता?”

“मग तुम्ही कशासाठी सांगायचात?”

“घरातनं भायेर पडताना कोणाला तरी सांगावा लागता,” ते म्हणाले. “घरात कोण हाय आता? तू खिडकीत असतेस.” ते खाली वाकून ओली दोरी गुंडाळायला लागले. “काल तू मान वर केलीस नाय. मला वाटला ऐकलंस नाय. म्हणून थांबून परत सांगितला.”

राही तिथंच उभी राहिली. आपल्याला एकदाच ऐकू आलं होतं, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.